गटाराचें दुसरें तोंड

आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जण रेडिओचा कान पिळण्याच्या विचारांत असतील, तर त्यांना मी दोष देणार नाहीं. गटार हा कांहीं चारचौघांत काढावयाचा विषय नव्हे. दिवाणखान्यांत चित्रें कोणतीं लावावीं, बागेंत फुलझाडें कोणतीं असावीं, ह्यांवर आपण हौसेनें बोलतों. परंतु मोरींतून गेलेलें पाणी पुढें कोठें जातें, ह्याविषयीं घरांत सहसा बोलणें निघत नाहीं. निघतें तें मोरी तुंबली म्हणजे. आणि तुंबलेली मोरी मोकळी झाली कीं विषयहि संपतो. ‘दृष्टीआड सृष्टि’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं कशास उद्देशून केली असेल ती असो. आजच्या शहरांत ती भुयारी गटारास जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशासहि पडत नसेल.

मला सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, प्रत्येक गटाराला दोन तोंडें असतात. एक आपल्या घरांत अगर कारखान्यांत असतें. त्यांत आपण ओततों. दुसरें कोठें तरी दूर, गांवाबाहेर, उघडतें. तेथें आपण ओतलेलें कोणाच्या तरी पदरांत पडतें. सार्वजनिक गटारांत काय सोडावें आणि काय सोडूं नये ह्याविषयींचे जे नियम निरनिराळ्या देशांनीं केले, ते सारे ह्या दुसऱ्या तोंडाकडे पाहून केलेले आहेत. आपल्याकडे हे नियम कागदावर असूनहि लंगडे पडतात, त्याचें कारणहि तेथेंच सांपडतें.

शाळेंत भूगोल शिकवीत असतां मी मुलांना विचारीत असें, “तुमच्या मोरींतलें पाणी कोठें जातें?” सारा वर्ग एका सुरांत सांगे, “गटारांत!” “आणि गटारांतून?” एवढें विचारतांच वर्ग गप्प बसे. एखादा धीट मुलगा म्हणे, “नदींत.” मग मी विचारीं, “आणि पुढच्या गांवचे लोक पाणी कोठून भरतात?” ह्या प्रश्नास उत्तर येत नसे, पण मुलांच्या चेहऱ्यांवरून उत्तर त्यांना कळलें आहे असें दिसे. आज आपल्यापुढें हाच प्रश्न जरा विस्तारानें ठेवावयाचा आहे.

प्रथम लंडन शहराची हकीकत सांगतों, कारण ह्या बाबतींत त्या शहरानें मोठी किंमत देऊन धडे घेतले. १८१५ सालापूर्वीं लंडनच्या गटारांत घरांतील मैला सोडण्यास मनाई होती. गटारें होतीं तीं पावसाच्या पाण्यासाठीं. मैला घराखालच्या खड्ड्यांत सांठे व तो गाड्यांतून वाहून नेला जाई. पुढें पाण्याचे संडास वाढले, खड्डे भरून वाहूं लागले, आणि मनाई उठली. शतकाच्या मध्यास तर घरें गटारांस जोडण्याची सक्तीच झाली. ज्या गोष्टीस एकदां बंदी होती, तीच एका पिढींत कर्तव्य होऊन बसली! हेतु चांगला होता. घरें स्वच्छ व्हावीं, एवढीच इच्छा होती. आणि घरें स्वच्छ झालींहि. परंतु गटारांचें दुसरें तोंड टेम्स नदींत होतें, आणि पाणी पुरविणाऱ्या कित्येक कंपन्या त्याच नदीचें पाणी शहराला पाजीत होत्या. १८५३–५४ सालच्या पटकीनें लंडनमध्यें दहा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीला अशी दुर्गंधि सुटली कीं, कांठावरच्या पार्लमेंटांत सभासदांना बसवेना. तेव्हां कोठें पैसा मंजूर झाला, आणि जोसेफ बाझलजेट ह्या इंजिनियरानें मैलापाणी शहराच्या पूर्वेस दूरवर नेणारीं प्रचंड गटारें बांधलीं. त्यांनीं शहर वांचलें, ह्यांत शंका नाहीं. पण तत्त्वतः तो उपाय दुसरें तोंड थोडें दूर नेण्याचाच होता.

खरा फरक पडला तो विसाव्या शतकांत. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्या दोघां रसायनज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, मैलापाण्यांत हवा खेळवीत राहिलें, आणि तळाशीं बसणारा गाळ टाकून न देतां पुन्हां पुन्हां नव्या पाण्यांत मिसळला, तर त्या गाळांतील सूक्ष्म जंतुच मैला खाऊन पाणी निवळ करतात. आपल्या घरांत कालचें विरजण आजच्या दुधाला लावतात, तसाच हा प्रकार. आज जगांतील पुष्कळ शहरांचें मैलापाणी ह्याच किंवा ह्यापासून निघालेल्या रीतींनीं शुद्ध केलें जातें. ह्या शोधानें गटाराच्या दुसऱ्या तोंडाशीं एक जिवंत पहारेकरी आणून बसविला. परंतु विरजण जसें जपावें लागतें, तसा हा पहारेकरीहि जपावा लागतो. गटारांत वाटेल तें ओतलें तर तो मरतो. आणि तो मेला म्हणजे आपण पुन्हां १८५८ सालांत जाऊन बसतों.

आतां गटारांत काय सोडूं नये, हें ठरवितांना कोणाकोणाचा विचार करावा लागतो तें पाहूं. माझ्या मतें चौघांचा: नळाचा, माणसाचा, जंतूंचा आणि शेवटीं नदीचा व शेताचा.

पहिला नळ. नळ मुका असला तरी त्यालाहि दुखणीं असतात. तळणीचें उरलेलें तेल कढईंत पातळ दिसतें. गटारांत गेल्यावर तें निवतें, त्यांतील मेदाम्लांचा पाण्यांतील व चुन्यांतील कॅल्शियमशीं संयोग होतो, आणि नळाच्या अंगाला साबणासारखा कठीण थर धरतो. त्यांत चिंध्या, ओलीं पुसणीं, आरोग्याचे रुमाल असले पदार्थ अडकले म्हणजे त्यांचा दगड बनतो. २०१७ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांतील गटारांत असा एक गोळा सांपडला. त्याची लांबी २५० मीटर व वजन सुमारें १३० टन होतें. तो फोडून काढण्यास कित्येक आठवडे लागले, आणि त्याचा एक तुकडा पुढें तेथील संग्रहालयांत लोकांना दाखविण्यासाठीं ठेवण्यांत आला! त्यांतला प्रत्येक थेंब कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरांतून आला होता.

तेलानें नळ तुंबतो, तर ज्वालाग्राही द्रवानें तो तोफेची नळी बनतो. अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत लुइव्हिल नांवाचें शहर आहे. १३ फेब्रुवारी १९८१ रोजीं पहाटे तेथील रस्ते दोन मैलांहून अधिक लांबीपर्यंत फुटून उडाले. सोयाबीनचें तेल काढणाऱ्या एका कारखान्यांतून हेक्झेन नांवाचा द्रव गटारांत गेला होता. त्याची वाफ गटारभर पसरली, आणि वरून जाणाऱ्या मोटारीच्या ठिणगीचें निमित्त होऊन तिनें पेट घेतला. वेळ पहाटेची, म्हणून कोणी प्राणास मुकलें नाहीं. मेक्सिको देशांतील ग्वादालाहारा शहराचें नशीब तितकें बलवत्तर नव्हतें. तेथें जमिनीखालून जाणाऱ्या एका नळांतून गळणारें पेट्रोल गटारांत शिरलें. रहिवासी दोन-तीन दिवस आधींपासून वास येत असल्याची तक्रार करीत होते. २२ एप्रिल १९९२ रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास स्फोटांमागून स्फोट झाले. सुमारें आठ किलोमीटर रस्ते उद्ध्वस्त झाले, आणि सरकारी गणतीप्रमाणेंच दोनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पेट्रोल मुद्दाम ओतलेलें असो कीं नकळत झिरपलेलें असो, गटाराला तो भेद समजत नाहीं.

दुसरा माणूस. गटाराच्या झांकणाखालीं माणूस उतरतो, ही गोष्ट आपण जाणूनबुजून विसरतों. सांचलेल्या मैलापाण्यांत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु तयार होतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास असतो, आणि वास येतो तोंपर्यंत माणूस सावध होतो. परंतु ह्या वायूचा कपटीपणा असा कीं, हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले म्हणजे नाकाची शक्तिच बधिर होते. वास थांबला म्हणून उतरणाऱ्यास वाटतें कीं धोका टळला. वास्तविक धोका तेव्हांच वाढलेला असतो. प्रमाण आणखी वाढलें तर कांहीं श्वासांतच माणूस कोसळतो, आणि त्याला काढण्यासाठीं धांवलेला सोबतीहि त्याच्याजवळ पडतो. अशा गटारांत कोणीं तीव्र आम्ल सोडलें तर पाण्यांत विरघळलेला हा वायु एकदम मोकळा होतो. एका कारखान्यानें सायनाइडयुक्त पाणी सोडलें आणि दुसऱ्यानें आम्ल सोडलें, तर दोघांच्या मिश्रणांतून हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायु उत्पन्न होतो. दोन्ही कारखानदार आपापल्या घरीं सुखरूप असतात. मिश्रण होतें तें झांकणाखालीं. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतींत ६ जानेवारी २०२२ रोजीं टँकरांतून नाल्यांत चोरून रसायन सोडतांना विषारी वायु निघाला व सहा कामगारांचे प्राण गेले. त्यांतल्या कोणाहि कामगाराचा त्या रसायनाशीं संबंध नव्हता.

आपल्या देशांत २०१३ सालच्या कायद्यानें गटारांत व मैल्याच्या टांक्यांत संरक्षणसाधनांवांचून माणूस उतरविण्यास बंदी केली आहे. अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें, आणि २०२३ सालीं ही रक्कम तीस लाखांवर नेली. न्यायालयानें आपलें कर्तव्य केलें. परंतु भरपाई ही माणूस गेल्यानंतरची गोष्ट आहे. तो उतरण्यापूर्वीं गटारांत काय ओतलें गेलें, हा प्रश्न त्याहून आधींचा आहे. यंत्रें आलीं तरी तो प्रश्न सुटत नाहीं; कारण यंत्र चालविणाराहि झांकण उघडून तेथेंच उभा असतो.

तिसरे जंतु. शुद्धिकेंद्रांतील जंतूंना मैला, साबण, पिष्ट, साखर हें सारें अन्न आहे. दुधाच्या कारखान्यांतील धुवण त्यांच्या पचनीं पडतें. मात्र तें बेताबेतानें आलें पाहिजे. परंतु क्रोमियम, तांबें, निकेल, सायनाइड हे त्यांना विष आहेत. मुलामा देण्याच्या एखाद्या कारखान्यानें आपली क्रोमियमची टांकी रात्रींतून गटारांत रिकामी केली, तर पुढें बसलेल्या केंद्रांतलें ‘विरजण’ नासतें, आणि तें पुन्हां लागेपर्यंत साऱ्या शहराचा मैला जवळजवळ तसाच नदींत जातो. एका रात्रींत कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. आणि अपराधी कोण, ह्याचा मागमूसहि तोंवर वाहून गेलेला असतो.

चौथीं नदी आणि शेत. जंतु मैला खातात. धातु ते खाऊं शकत नाहींत. शिसें, कॅडमियम, पारा हे पदार्थ केंद्रांत नाहींसे होत नाहींत. त्यांतला कांहीं भाग पाण्याबरोबर नदींत जातो व बराचसा गाळांत बसतो. हा गाळ खत म्हणून शेतांत गेला तर धातूहि शेतांत जातात. तेव्हां ‘शुद्ध केलें’ ह्याचा अर्थ ‘नाहींसें केलें’ असा होत नाहीं. पुष्कळदां तो ‘दुसरीकडे ठेवलें’ असा होतो.

हे चौघे डोळ्यांपुढें ठेवले म्हणजे कायदा समजण्यास सोपा जातो. इंग्लंडांत १९३६ सालच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें गटाराला इजा करणारें, प्रवाह अडविणारें किंवा पुढच्या शुद्धीकरणांत बिघाड करणारें कांहींहि गटारांत सोडण्यास मनाई केली. ११० अंश फॅरनहाइटहून अधिक ऊन पाणी धोका अगर उपद्रव करीत असेल तर त्यासहि मनाई झाली. पेट्रोल व कॅल्शियम कार्बाइड ह्यांचा तर नांव घेऊन निषेध केला. दुसऱ्याच वर्षीं, १९३७ सालीं, कारखानदारांना आपलें पाणी सार्वजनिक गटारांत सोडण्याचा हक्क मिळाला. मात्र स्थानिक संस्थेची संमति घेऊन, आणि तिच्या अटी पाळून. हा सौदा मला मोठा समंजस वाटतो. कारखान्यास सांगितलें कीं, तुझें पाणी आम्ही घेऊं. पण काय, किती आणि केव्हां हें आम्ही ठरवूं. ह्यांतूनच पुढें आकारणीचें एक सूत्र निघालें. लंडनच्या पश्चिमेकडील मॉग्डेन येथील शुद्धिकेंद्रावरून त्याला नांव पडलें आहे. पाणी किती, त्यांत जंतूंना खावयास लागणारा मैला किती, आणि तळाशीं बसणारा गाळ किती, ह्या हिशेबानें कारखान्यानें पैसे द्यावयाचे.

ह्या सूत्रांत एक तत्त्व दडलेलें आहे, तें नीट लक्षांत घ्यावें. जें जंतु खाऊं शकतात त्याची किंमत ठरवितां येते. कारण तें खाण्यास हवा, वीज व मजुरी किती लागते हें मोजतां येतें. जें जंतु खाऊं शकत नाहींत, किंवा जें खालीं उतरलेल्या माणसाचा जीव घेतें, त्याची किंमत ठरवितां येत नाहीं. त्याला मनाईच करावी लागते. पैसे भरून मैला सोडण्याची परवानगी मिळावी हें योग्य. पैसे भरून विष सोडण्याची परवानगी मिळूं नये.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९७४ सालच्या जलप्रदूषण प्रतिबंधाच्या कायद्याप्रमाणें नदी, विहीर किंवा गटार ह्यांत विषारी व अपायकारक पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे, आणि कारखान्याचें पाणी बाहेर काढण्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति लागते. १९८६ सालच्या पर्यावरण संरक्षणाच्या नियमांना जोडलेल्या सहाव्या परिशिष्टांत एक कोष्टक आहे. कोणता पदार्थ लिटरमागें किती मिलिग्रॅम असलेला चालेल, हें त्यांत सांगितलें आहे. आणि नदीसाठीं व सार्वजनिक गटारासाठीं निरनिराळे आंकडे दिले आहेत. घरोघरीं हें कोष्टक कोणी वाचीत नसेल. पण तें वाचण्यासारखें आहे.

पाण्यांतील मैला खाण्यास जंतूंना किती प्राणवायु लागेल, ह्यावरून मैल्याचें माप करतात. नदींत सोडावयाच्या पाण्यासाठीं हें माप ३० पर्यंत चालतें. गटारांत सोडावयाच्या पाण्यासाठीं ३५० पर्यंत. पाण्यांत तरंगणाऱ्या कणांस नदीसाठीं १०० ची मर्यादा, तर गटारासाठीं ६०० ची. तेल व चरबी नदींत १०, गटारांत २०. सायनाइड नदींत ०.२, गटारांत २. विषारी षट्संयुजी क्रोमियम नदींत ०.१, तर गटारांत २, म्हणजे वीसपट. शिसें नदींत ०.१, गटारांत १, म्हणजे दसपट. पाऱ्याच्या बाबतींत मात्र नदी व गटार ह्यांत भेद केलेला नाहीं, दोहोंकडे ०.०१ एवढीच मर्यादा आहे.

गटारास नदीहून इतकी ढिलाई कां? उत्तर उघड आहे. गटाराच्या शेवटीं शुद्धिकेंद्र आहे, तें उरलेलें काम करील, ह्या विश्वासावर ही सवलत दिलेली आहे. सावकार तारण पाहून कर्ज देतो. येथें शुद्धिकेंद्र हें तारण आहे. तारण खरोखर जागेवर आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून कर्ज देत सुटणें ह्याला व्यवहार म्हणत नाहींत.

आणि आपल्या तारणाची स्थिति काय आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०–२१ सालच्या गणतीप्रमाणें देशांतील शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होतें. बसविलेल्या केंद्रांची एकंदर शक्ति ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती. आणि प्रत्यक्षांत शुद्ध होत होतें २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर घागरींपैकीं अठ्ठावीस घागरी. राहिलेल्या बहात्तर घागरींच्या बाबतींत गटार हें गटार नसून नदीचाच झांकलेला फांटा आहे. आणि त्या फांट्यांत नदीच्या दसपट शिसें, वीसपट क्रोमियम सोडण्याची मोकळीक म्हणजे नदींतच तें सोडण्याची मोकळीक होय. माझें म्हणणें असें कीं, ज्या गटाराच्या शेवटीं चालू स्थितींतलें शुद्धिकेंद्र नाहीं, त्या गटारास नदीचेच आंकडे लावले पाहिजेत. आणि धातूंच्या बाबतींत तर केंद्र असलें तरी सवलत जपूनच दिली पाहिजे, कारण ते पुढें शेतांत निघावयाचे आहेत.

ह्यावर लहान कारखानदारांचा आक्षेप येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, “आमची चार माणसांची मुलामा देण्याची जागा. आम्ही शुद्धीकरणाचीं यंत्रें कोठून आणावीं?” ह्या प्रश्नास दोन उत्तरें आहेत. पहिलें हें कीं, विष मुळांतच कमी बाहेर पडेल अशी रीत पुष्कळदां अगदीं स्वस्त असते. मुलाम्याच्या टांकींतून काढलेला जिन्नस थोडा वेळ टांकीवरच निथळूं द्यावा. मग तो एका मोठ्या टांकींत भरपूर पाण्यानें न धुतां ओळीनें ठेवलेल्या दोन-तीन लहान टांक्यांतून धुवावा. स्वच्छ पाणी शेवटच्या टांकींत घालावें व तें मागें मागें आणावें. पहिल्या टांकींतलें दाट झालेलें पाणी पुन्हां मुलाम्याच्या टांकींत भर म्हणून घालतां येतें. ह्यानें विकत घेतलेलें रसायनहि वांचतें. सायनाइडचें पाणी आणि आम्लाचें पाणी मात्र आरंभापासून वेगळें ठेवावें. सायनाइड अल्कयुक्त पाण्यांत क्लोरीननें नष्ट करतां येतें. क्रोमियमला सौम्य रूप देऊन चुन्यानें तळाशीं बसवितां येतें. दोन्ही एकत्र झाल्यावर दोन्हीहि कामें कठीण होतात.

दुसरें उत्तर सहकाराचें आहे. एका वसाहतींतील अनेक कारखान्यांनीं मिळून एक सामाईक शुद्धिकेंद्र चालवावें, ही कल्पना महाराष्ट्रांत नवी नाहीं. डोंबिवली, तारापूर वगैरे औद्योगिक वसाहतींत अशीं केंद्रें आहेत. पण सामाईक केंद्र म्हणजे सामाईक बेजबाबदारी होतां कामा नये. तेथेंहि प्रत्येकाच्या दाराशीं, दुसऱ्याचें पाणी मिसळण्यापूर्वीं, नमुना घेण्याची जागा पाहिजे. पन्नास घरांचें पाणी एकत्र झाल्यावर त्यांतलें विष कोणाचें, हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं.

आणखी एक पळवाट आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. मर्यादा लिटरमागें सांगितलेली असते. तेव्हां मनांत आणलें तर नळाचें स्वच्छ पाणी वाटेल तितकें मिसळून कोणतेंहि विष मर्यादेंत बसवितां येतें. दुधांत पाणी घालणारा गवळी व विषांत पाणी घालणारा कारखानदार ह्यांचा धर्म एकच. अमेरिकेंतील नियमांनीं शुद्धीकरणाच्या ऐवजीं पाणी मिसळण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आपणहि दाट-पातळपणाबरोबर दिवसाकाठीं एकंदर किती वजन गेलें, हें मोजलें पाहिजे.

श्रोतेहो, हा सारा दोष कारखान्यांवर ढकलून आपणांस हात झटकतां येणार नाहींत. आपल्या घरांतहि गटाराचें एक तोंड आहे, आणि त्यावर कोणी निरीक्षक बसलेला नाहीं. तळणीचें तेल मोरींत ओतूं नये. कढई आधीं जुन्या कागदानें पुसून घ्यावी व मग घांसावी. घरबांधणीच्या वेळीं सिमेंटचें पाणी गटारांत सोडूं नये. तें आंत जाऊन दगड होतें. रंगकामाचें टर्पेंटाइन, मोटारीचें जुनें तेल, ढेकणांचीं व झुरळांचीं औषधें ह्यांना मोरी ही जागा नव्हे. जुनीं औषधें संडासांत टाकण्याची चाल फार वाईट आहे. त्यांतलीं जंतुनाशक औषधें केंद्रांत पुरतीं नष्ट होत नाहींत, आणि त्यांना न जुमानणारे जंतु वाढण्यास मदत होते. आरोग्याचे रुमाल कागदांत गुंडाळून वेगळे द्यावे. ते संडासांत टाकले तर पाण्यानें फुगून नळ अडवितात, आणि तो अडसर काढण्यास शेवटीं कोणाचा तरी हात आंत जातो. संडास धुण्याचें आम्ल व कपडे शुभ्र करण्याचें ब्लीचिंगचें पाणी हीं एकत्र कधींहि करूं नयेत. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि तो दुसऱ्या तोंडाची वाट न पाहतां आपल्याच घरांत त्रास देतो.

हे नियम पाळण्यास कायद्याची जरूरी नाहीं, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. आपल्या घरांत जी शिस्त आपण पाळतों, तीच कारखान्याकडून आणि नगरपालिकेकडून मागण्याचा आपणांस अधिकार पोंचतो. आणि जी आपण पाळीत नाहीं ती दुसऱ्यापाशीं मागतांना आवाज दबतो. आपल्या वार्डाचा प्रतिनिधि मतें मागावयास आला म्हणजे रस्ते, दिवे व पाणी ह्यांविषयीं आपण त्याला विचारतोंच. त्याच वेळीं तीन प्रश्न आणखी विचारावे. आमच्या गटाराचें दुसरें तोंड कोठें आहे? तेथें शुद्धिकेंद्र आहे काय, आणि असल्यास तें रोज चालतें काय? आमच्या वस्तींतील कारखान्यांच्या पाण्याचे नमुने शेवटीं केव्हां घेतले, व ते आंकडे कोठें पाहावयास मिळतील? ह्या तीन प्रश्नांस ज्या शहरांत सरळ उत्तरें मिळतात, त्या शहरांत झांकणाजवळ काम करणारा माणूस संध्याकाळीं घरीं परत येण्याचा संभव अधिक असतो, आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गांवांत घागर भरणाऱ्या बाईला पाण्याचा रंग पाहून थबकावें लागत नाहीं.

स्वच्छता म्हणजे आपली घाण दुसऱ्याच्या दारांत नेऊन ठेवणें नव्हे, एवढें जरी आपण मनांत धरलें, तरी ह्या अरसिक विषयावर आपला वेळ घेतल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.